डेमोक्रॅटिक प्रायमरी २०२०: डिबेट बघून मत ठरतं का तुमचं?

निशिगंधा_सनीव्हेल | २० फेब्रुवारी २०२०, ८:१०

काल रात्रीची लास व्हेगासची डिबेट कोणी कोणी बघितली? मी पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघितली आणि आता ऑफिसला जायच्या आधी हा धागा काढतेय, कारण घरात या विषयावर बोलायला कोणी उरलं नाही. नवऱ्याने मतपत्रिका भरून कधीच पोस्टात टाकली (बायडन). माझी अजून कोरी आहे.

मागच्या वर्षी नागरिकत्व मिळालं, त्यामुळे ही माझी पहिलीच प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान). जूनमध्ये मायामीच्या पहिल्या डिबेटला दोन रात्री मिळून वीस जण उभे होते, तेव्हा कोण काय म्हणतंय हे कळायच्या आत वेळ संपायची. काल सहाच होते: बायडन, सँडर्स, वॉरन, बुटिजेज, क्लोबुशार आणि ब्लूमबर्ग. अब्जाधीश ब्लूमबर्ग पहिल्यांदाच आले. वॉरनबाईंनी त्यांना त्यांच्या कंपनीतल्या बायकांशी केलेल्या गुप्ततेच्या करारांबद्दल धरलं आणि सोडलंच नाही. ते काहीतरी गुळमुळीत बोलले की बाई परत तिथेच. मी खुर्चीच्या कडेला आले होते.

माझ्यासाठी मुद्दे दोन. एक, आरोग्यविमा. नवऱ्याची नोकरी कंत्राटी आहे, आम्ही कव्हर्ड कॅलिफोर्नियामधून (राज्याच्या विमा बाजारातून) विमा घेतो. दुसरा, ट्रम्प परत नकोत. पहिल्यासाठी वॉरन किंवा सँडर्स मनात येतात, दुसऱ्यासाठी सगळे म्हणतात बायडन. पण काल बायडन कोपऱ्यात उभे असल्यासारखे वाटले.

तर प्रश्न असा: डिबेटमध्ये माणूस कसा बोलतो यावर मत द्यावं का? की तो सगळा देखावा असतो आणि ठरवायचं दुसऱ्याच कशावर तरी?

---

टेक्सासकर | २० फेब्रुवारी, ८:४२

बघितली. ब्लूमबर्ग यांचे जाहिरातींवरचे करोडो डॉलर एका संध्याकाळी पाण्यात.

---

जुना_शिकागोकर | २० फेब्रुवारी, ९:३०

निशिगंधाताई, धागा छान काढलात. मी १९७१ साली या देशात आलो. तेव्हा मत नव्हतं, पण ७२ ची निवडणूक टीव्हीसमोर बसून बघितली. कॉलेजातली सगळी मुलं डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्नच्या मागे होती. सभा, गाणी, उत्साह काही विचारू नका. निकाल लागला तेव्हा मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन डी.सी. एवढंच हाती लागलं, ४९ राज्यं निक्सनकडे गेली.

सँडर्सचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. पण 'सोशलिस्ट' हा शब्द ते स्वतःच लावून घेतात आणि ओहायो, पेनसिल्व्हेनियातल्या माझ्या ओळखीच्या लोकांना तो पचत नाही. प्रायमरीत मन मोकळं करायचं आणि नोव्हेंबरमध्ये रडायचं, हे मी पाहिलेलं आहे. दगडापेक्षा वीट मऊ. मी बायडन.

---

सई_बॉस्टन | २० फेब्रुवारी, १०:०५

काका, आदर आहे, पण हा '७२' चा दाखला दर चार वर्षांनी निघतो. २००४ मध्ये हॉवर्ड डीन यांना बाजूला सारून केरी निवडले, कारण काय तर ते जिंकू शकतील. हरले. २०१६ मध्ये हिलरी अनुभवी, सुरक्षित. त्याही हरल्या. आणि २००८ मध्ये ओबामा या नावाचा माणूस जिंकूच शकत नाही असं किती जण छातीठोकपणे सांगत होते! कोण जिंकेल हे आधी कळत असतं तर निवडणुका कशाला घेतल्या असत्या?

निशिगंधा, कालच्यासारखा दबावाखालचा प्रसंग हाच तर बघायचा असतो. लिहून आणलेलं भाषण कोणीही वाचतं. समोरचा उत्तर चुकवतोय हे त्या क्षणी ओळखून त्याला परत प्रश्नावर आणायचं, आवाज न चढवता, हे राष्ट्राध्यक्षाचं रोजचं काम आहे. मी वॉरन, पहिल्या दिवसापासून.

---

मिहीर_वाचतो | २० फेब्रुवारी, ११:२०

मी डिबेट बघत नाही, दुसऱ्या दिवशी शब्दशः लेखी नोंद वाचतो. सगळ्यांना हेच सुचवेन. टाळ्या, आवाज, कपडे, चेहरा सगळं गळून पडतं आणि कोण काय म्हणालं एवढंच उरतं.

कालचं वाचताना एक गोष्ट ठळक दिसली. शेवटी सूत्रसंचालक चक टॉडने सगळ्यांना विचारलं, कोणालाच बहुमत मिळालं नाही तर सर्वात जास्त डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) असणाऱ्याला उमेदवारी मिळावी का? पाच जण म्हणाले, नियमाप्रमाणे अधिवेशनात ठरू द्या. एकटे सँडर्स म्हणाले, जास्त मतं त्याला उमेदवारी. प्रत्येकाने आपल्या सोयीचं उत्तर दिलं हे खरं, पण हा प्रश्न १३ जुलैला मिलवॉकीच्या अधिवेशनात खरोखर उभा राहू शकतो. या उत्तरावर चर्चा शून्य, आणि करारांवरची खडाजंगी दिवसभर चालू.

---

भाऊ_नाशिक | २० फेब्रुवारी, १२:४८

मी नाशिकहून वाचतोय, मत नाही त्यामुळे शांतपणे विचारतो. पक्षाचा उमेदवार सामान्य माणसाने ठरवायचा ही कल्पनाच इथे बसून भारी वाटते. आमच्याकडे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म ज्याच्या हातात पडतो तो उमेदवार. आदल्या रात्रीपर्यंत दुसऱ्याच्या नावाचे फ्लेक्स लागलेले असतात.

पण मग पक्षाला आपला माणूस ठरवायचा काही अधिकार उरतो का? उद्या कोणीही उठून येईल.

---

मिहीर_वाचतो | २० फेब्रुवारी, १३:१५

भाऊ, अधिकार उरतो, फक्त तो नियम ठरवण्यात. डिबेटला कोण येणार हे पक्षाची समिती ठरवते. पहिल्या दोन डिबेटांना ६५,००० देणगीदार किंवा तीन पाहण्यांत १ टक्का पुरत होता. तिसरीला १,३०,००० देणगीदार आणि शिवाय चार पाहण्यांत २ टक्के, दोन्ही हवं. आणि कालच्या डिबेटसाठी देणगीदारांची अट काढूनच टाकली. ब्लूमबर्ग देणग्या घेत नाहीत, त्यामुळे अट असती तर ते तिथे नसतेच. आधीच बाहेर पडलेल्या बुकर, कॅस्ट्रो, यांग यांचे पाठीराखे यावर चिडलेले आहेत आणि त्यांचं बरोबर आहे.

---

रांगेत_२०१२पासून | २० फेब्रुवारी, १४:०२

मलाही मत नाही, म्हणून ज्यांना आहे त्यांना विनंती. इतक्या डिबेट झाल्या. सीमा, भिंत, ड्रीमर (लहानपणी कागदपत्रांविना इथे आणलेली मुलं) यांच्यावर प्रश्न झाले, व्हायलाच हवेत. पण ग्रीन कार्डच्या रांगेवर एकही सरळ प्रश्न ऐकला नाही. ईबी-२ (उच्चशिक्षितांच्या नोकरीवर आधारित ग्रीन कार्ड) मध्ये भारताची तारीख २००९ च्या आसपास घुटमळतेय, म्हणजे तेव्हा अर्ज केलेल्यांचा नंबर आता लागतोय. माझी मुलगी चार वर्षांची असताना आलो. ती २१ ची झाली की माझ्या अर्जातून बाहेर पडणार, मग तिने या देशात राहायचं कशावर?

देशनिहाय मर्यादा काढणारं विधेयक मागच्या जुलैत हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं. सेनेटमध्ये अडलं, आणि अडवणारे डर्बिन हे डेमोक्रॅटच. त्यांचं म्हणणं, एकूण ग्रीन कार्डांची संख्याच वाढवा, नाहीतर बाकी देशांच्या लोकांवर अन्याय होतो. मुद्दा आहे. पण मग रंगमंचावरच्या सहा जणांपैकी कोणी सांगेल का की तो काय करणार?

टाऊन हॉलला जाता तेव्हा हे विचारा. आम्हाला माइक मिळत नाही.

---

निशिगंधा_सनीव्हेल | २० फेब्रुवारी, १९:४०

@रांगेत, तुमची पोस्ट वाचून गप्प झाले. आम्हीही त्याच रांगेतून आलो, फक्त आधी लागलो होतो. इथे जवळपास कोणाचीही सभा झाली तर मी हा प्रश्न घेऊन जाणार.

---

प्राची_आयोवा | २१ फेब्रुवारी, ७:५५

आमचं ३ फेब्रुवारीलाच झालं, म्हणून अनुभव लिहिते.

आमचा कॉकस (मतपेटीऐवजी सभेत जमून उमेदवार निवडायची पद्धत) शाळेच्या जिममध्ये होता. सात वाजता दारं बंद. प्रत्येक उमेदवाराचे लोक एकेका कोपऱ्यात, भिंतीवर कागद चिकटवलेले. हातात एक कार्ड, त्याच्या एका बाजूला पहिली पसंती लिहून सही करायची. मोजणी झाली. ज्याच्या गटात १५ टक्के नाहीत तो गट मोडला. आमच्याकडे बायडन यांचा गट दोन-तीन माणसांनी कमी पडला. त्यात माझ्या मुलाच्या बालवाडीतल्या बाई, साठी ओलांडलेल्या, हिरव्या स्वेटरमध्ये. वॉरन, बुटिजेज आणि क्लोबुशार तिघांचीही माणसं त्यांच्याभोवती. कोणी ओढाताण केली नाही. एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "तुम्हाला सर्वात जास्त काळजी कशाची आहे?" बाई म्हणाल्या, नवऱ्याच्या औषधांची. मग त्या दोघी बाकावर बसून औषधांच्या किमतींबद्दल बोलल्या आणि बाई कार्ड उलटून दुसऱ्या बाजूवर लिहायला लागल्या.

ॲप बिघडलं, निकाल दिवसेंदिवस लटकला, सगळ्या देशाने आमच्यावर तोंडसुख घेतलं. घ्या. रात्रपाळीवाल्यांना, लहान मुलं असणाऱ्यांना कॉकस जमत नाही हेही खरंच आहे आणि ते बदलायला हवं. पण त्या जिममध्ये जे बोलणं झालं ते कुठल्याच डिबेटमध्ये मी ऐकलेलं नाही.

---

टेक्सासकर | २१ फेब्रुवारी, ९:१०

प्राची, काय सुंदर लिहिलंयस. पण नक्की कोणाचं नाव लिहिलं बाईंनी?

---

प्राची_आयोवा | २१ फेब्रुवारी, ९:३२

ते त्यांचं त्यांनाच विचारा. :)

---

सई_बॉस्टन | २१ फेब्रुवारी, १७:२५

बातमी बघितली का? ब्लूमबर्ग यांनी जाहीर केलं, तीन बायकांना हवं असेल तर करारातून मोकळं करू. डिबेट म्हणजे नुसता देखावा म्हणणाऱ्यांनी सांगावं, हे जाहिरातींनी झालं असतं का?

---

जुना_शिकागोकर | २१ फेब्रुवारी, १८:४०

सई, हे मात्र शंभर टक्के खरं. बाईंना पैकीच्या पैकी गुण. मत अजून बायडन.

---

अश्विनी_ॲशबर्न | २३ फेब्रुवारी, ८:१५

नेव्हाडाचा कॉकस सँडर्स यांनी मोठ्या फरकाने जिंकला. व्हेगासच्या हॉटेलांतल्या कामगारांची क्युलिनरी युनियन सँडर्स यांच्या विमा योजनेच्या विरोधात पत्रकं वाटत होती, कारण युनियनने वाटाघाटी करून मिळवलेला स्वतःचा चांगला विमा त्यात जाईल. तरी स्ट्रिपवरच्या (व्हेगासच्या हॉटेल-कसिनोंच्या रस्त्यावरच्या) केंद्रांत सँडर्सच पुढे. टीव्हीवरच्यांना हे दिसलंच नव्हतं.

आमच्या घरचं चित्र: व्हर्जिनियात नोव्हेंबरपर्यंत १८ चा होणारा मुलगा प्रायमरीत मत देऊ शकतो. आमचा १७ चा आहे आणि सँडर्सचा कट्टर. वडील क्लोबुशार. जेवताना रोज दुसरी डिबेट. मी दोघांनाही एकच सांगितलं, जूनमध्ये मायामीला खासगी विमा पूर्ण बंद करायचा का म्हणून हात वर करायला सांगितले होते. तो एक हात वर करण्याचा क्षण पुढे महिनोन्‌महिने उमेदवारांच्या गळ्यात राहिला. कमला हॅरिस यांना दुसऱ्या दिवशी सांगावं लागलं की प्रश्न वेगळा समजला. इतका गुंतागुंतीचा विषय हात वर करून विचारायचा ही पद्धतच वाईट. सँडर्स सगळ्यांना सरकारी योजनेत आणणार, वॉरन टप्प्याटप्प्याने, बुटिजेज म्हणतात ज्यांना हवी त्यांनी घ्यावी, बायडन आणि क्लोबुशार ओबामाकेअरला (ओबामांच्या काळातल्या विमा कायद्याला) सरकारी पर्याय जोडणार. निशिगंधा, विमा हाच मुद्दा असेल तर त्यांच्या वेबसाइटवरचे आराखडे शेजारी शेजारी उघडून बस. एक रविवार जाईल, पण डिबेटपेक्षा जास्त कळेल.

---

मनवा_न्यूजर्सी | २३ फेब्रुवारी, ११:००

आमचं २ जूनला. तोपर्यंत भांडीसुद्धा आवरून झालेली असतात. तुम्ही भांडा, आम्ही वाचतो.

---

टेक्सासकर | २४ फेब्रुवारी, २०:३०

आज अर्ली व्होटिंग करून आलो, शुगर लँडला. इथे पक्षाची नोंदणी नसते, तिथल्या तिथे कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं. राष्ट्राध्यक्षपदाचं मत दिलं बुटिजेज यांना, पण सांगायचंय वेगळंच. त्याच मतपत्रिकेवर खाली काँग्रेसच्या २२ व्या मतदारसंघासाठी श्री प्रेस्टन कुलकर्णी आहेत. २०१८ ला थोडक्यात हरले होते. यावेळी तिथले सध्याचे रिपब्लिकन प्रतिनिधी ऑल्सन उभे नाहीत, जागा मोकळी आहे.

लोक वरच्या एका नावावर खूण करून घरी जातात. खालीपर्यंत वाचा! न्यायाधीश, काउंटीचे अधिकारी, सगळे तिथेच ठरतात.

---

मनवा_न्यूजर्सी | २४ फेब्रुवारी, २०:५१

कुलकर्णी? आपले? मग तर मत पक्कं!

---

मिहीर_वाचतो | २४ फेब्रुवारी, २१:१०

मनवा, आडनावावर मत देणं सोडायलाच तर आपण इतक्या लांब आलो. वडील भारतातून आलेले, ते स्वतः परराष्ट्र खात्यात होते, कामासाठी बघ, हरकत नाही. तुळसी गबार्ड आणि कमला हॅरिस यांच्यावरूनही आपल्या ग्रुपांवर हेच झालं. एक हिंदू म्हणून, दुसरी आई चेन्नईची म्हणून. डेट्रॉईटच्या डिबेटमध्ये गबार्ड यांनी हॅरिस यांच्या सरकारी वकिलीच्या कारकिर्दीवर हल्ला चढवला, तेव्हा कित्येकांना कोणाची बाजू घ्यावी तेच कळेना, कारण दोघींच्याही धोरणाचं एक पानसुद्धा वाचलेलं नव्हतं.

---

मनवा_न्यूजर्सी | २४ फेब्रुवारी, २१:२५

गंमत केली हो. मला तर त्या जिल्ह्यात मतच नाही. पण मुद्दा मान्य.

---

अश्विनी_ॲशबर्न | २६ फेब्रुवारी, ७:४०

काल चार्ल्सटनची डिबेट बघताना सोसायटीची वार्षिक सभा आठवली. सात जण एकाच वेळी बोलतायत आणि सूत्रधार बघत बसलेत. बायडन मात्र व्हेगासपेक्षा जागे वाटले. सर्वोच्च न्यायालयावर कृष्णवर्णीय स्त्री नेमण्याचं वचन देऊन गेले.

---

जुना_शिकागोकर | २६ फेब्रुवारी, १३:०५

आणि आज साउथ कॅरोलायनाचे ज्येष्ठ कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा दिला. मंडळी, तिथे या माणसाच्या शब्दाला काय वजन आहे ते शनिवारच्या प्रायमरीत दिसेल. घोडामैदान जवळच आहे.

---

जुना_शिकागोकर | १ मार्च, ८:००

दिसलं.

---

सई_बॉस्टन | १ मार्च, ९:२०

हो काका, जवळजवळ निम्मी मतं एकट्या बायडन यांना. मान्य. आणि यात शिकण्यासारखं आहे: आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आलेले बायडन 'संपले' असं ठरवणारे आपण. दोन्ही राज्यं गोऱ्या लोकवस्तीची. कृष्णवर्णीय मतदारांनी तोपर्यंत तोंडच उघडलेलं नव्हतं. त्यांनी डिबेटमधल्या टाळ्या मोजल्या नाहीत, ओबामांबरोबर आठ वर्षं उभा राहिलेला माणूस बघितला.

---

टेक्सासकर | १ मार्च, २०:१५

बुटिजेज बाहेर. माझं मत गेलं. अर्ली व्होटिंगला रांग नसते हे खरं, पण दिलेलं मत मागे घेता येत नाही.

---

अश्विनी_ॲशबर्न | २ मार्च, १४:३०

क्लोबुशारही गेल्या. आज रात्री डॅलसला बायडन यांना पाठिंबा देणार म्हणे. आमचे हे सुन्न. मुलगा मात्र त्यांची समजूत काढतोय, एवढं तरी चांगलं झालं.

---

मिहीर_वाचतो | २ मार्च, १५:१०

@टेक्सासकर, यावर उपाय आहे. मेन राज्यात पसंतीक्रमाने मतदान होतं, पहिला बाहेर पडला तर मत दुसऱ्याकडे सरकतं. आयोवाच्या जिममध्ये बाई कार्ड उलटून लिहू शकल्या, मग लवकर मत देणाऱ्या लाखो लोकांना तो हक्क का नाही? यासाठी आपापल्या राज्याच्या प्रतिनिधीला पत्र लिहा. मी लिहिलंय.

---

निशिगंधा_सनीव्हेल | ३ मार्च, २१:४५

आज मत देऊन आले. अश्विनीचं ऐकून आराखडे वाचले, सगळे नाही पण विम्याचे पूर्ण. वॉरन यांना दिलं.

कालपासून सगळीकडून फोन, मेसेज: आता लढत दोघांतच आहे, मत वाया घालवू नकोस. शिकागोकर काकांचा मुद्दा मी शेवटपर्यंत मनात ठेवला होता. नोव्हेंबरमध्ये जो कोणी असेल त्याला माझं मत आहेच, त्यासाठी दारोदार फिरायचीही तयारी आहे. पण ओहायोचा माणूस काय विचार करेल याचा अंदाज बांधून मी सनीव्हेलमध्ये मत दिलं, तर माझं मत मोजलं कुठे जाणार? ओहायोच्या माणसाला त्याचं स्वतःचं मत आहे, तो देईल. मला विचारलं होतं की तुला कोण हवं. मी उत्तर दिलं.

आणि डिबेटचं म्हणाल तर हो, उपयोग झाला. कोणाला द्यायचं हे आराखड्यांनी ठरवलं. पण त्यांतलं किती ती बाई शेवटपर्यंत लावून धरेल, हे व्हेगासच्या त्या काही मिनिटांत बघितलं होतं.

---

जुना_शिकागोकर | ३ मार्च, २२:२०

ताई, मी तुमच्याशी सहमत नाही, पण पहिलं मत असंच द्यावं. अभिनंदन!

---

टेक्सासकर | ४ मार्च, ७:३०

काल मतदान झालेल्या चौदापैकी दहा राज्यं बायडन यांनी घेतली, टेक्सासही. कुलकर्णी यांनी प्रायमरी जिंकली, दुसरी फेरी लागली नाही.

पण काल रात्री ह्यूस्टनला टेक्सास सदर्न युनिव्हर्सिटीच्या केंद्रावर लोक मध्यरात्र उलटेपर्यंत रांगेत होते. यंत्रं पुरेशी नव्हती. सहा-सहा तास उभं राहून लोकांनी मत दिलं. याचा संताप आपल्याला यायला हवा. उमेदवार आवडला-नावडला ही फार पुढची गोष्ट.

---

सई_बॉस्टन | ५ मार्च, १२:१०

वॉरन यांनी माघार घेतली. स्वतःच्या राज्यात, आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये, तिसऱ्या आल्या. आज जास्त लिहवत नाही. दोन मुलींना शाळेतून आणायला जायचंय आणि त्या विचारणार आहेत.

---

प्राची_आयोवा | ५ मार्च, १२:४०

सई, ❤️ फोन कर संध्याकाळी.

---

रांगेत_२०१२पासून | ६ मार्च, १०:०५

१५ मार्चला फिनिक्सला पुढची डिबेट आहे. आता दोघंच मुख्य उरलेत, म्हणजे वेळ भरपूर. निशिगंधा, सभेत विचारण्यासाठी मी प्रश्न तीन ओळींत लिहून दिला होता, तो मिळाला का?

---

निशिगंधा_सनीव्हेल | ६ मार्च, १०:३०

मिळाला. सभा मिळाली नाही, म्हणून दोन्ही मोहिमांच्या कार्यालयांना पाठवलाय आणि आमच्या काँग्रेस प्रतिनिधींच्या ऑफिसलाही. ज्यांना पाठवायचा असेल त्यांनी मला निरोप पाठवा, मजकूर देते. एकाच प्रश्नाची पन्नास पत्रं गेली तर कोणीतरी वाचेल.

---

केतकी_ट्रॉय | ६ मार्च, २१:१५

आजवर वाचनमात्र होते. मिशिगनची प्रायमरी मंगळवारी, १० तारखेला आहे. मी नवीन घरात आले आणि मतदार नोंदणी करायची राहिली. आता काही होऊ शकतं का?

---

मिहीर_वाचतो | ६ मार्च, २१:२२

होऊ शकतं. २०१८ च्या सार्वमतानंतर मिशिगनमध्ये मतदानाच्या दिवशीही नोंदणी चालते, पण मतदान केंद्रावर नाही, तुमच्या शहराच्या क्लार्कच्या ऑफिसात. पत्त्याचा पुरावा न्या, विजेचं बिल चालतं. सोमवारीच जा, मंगळवारी गर्दी असेल.